पहिला श्वास आणि पृष्ठताण

साबणाचे दोन बुडबुडे नळीने जोडले, तर लहान बुडबुडा आक्रसून त्याची हवा मोठ्यात जाते. कारण लाप्लासच्या नियमानुसार त्रिज्या घटली की आतील दाब वाढतो. फुप्फुसांतील वायुकोशांचेही असेच झाले असते. परंतु सर्फॅक्टंटचा स्निग्ध थर पृष्ठताण घटवून त्यांना उघडे ठेवतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत तो अपुरा असतो, हे एव्हरी आणि मीड यांनी १९५९ साली दाखविले. प्रसूतीपूर्वी मातेस स्टेरॉइड दिल्यास बाळाचा श्वासाचा त्रास टळू शकतो, हे लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली सिद्ध केले. म्हणूनच मोहगावहून नागपूरला धाडलेले, कण्हत श्वास घेणारे बाळ पाहिले की मी प्रथम विचारतो, "आईला डेक्सामेथासोन दिले होते का?" मित्रहो, २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्यास पहिली मात्रा गावातच द्यावी, मगच गाडी काढावी.