लेसर लोमापहरण : उपयुक्तता, धोके आणि आपली जबाबदारी

मासिक पाळीची तक्रार सांगून झाल्यावर रुग्णा क्षणभर थांबते, हनुवटीवरची ओढणी किंचित बाजूला करते आणि विचारते, "डॉक्टर, लेसर करून घेतलं तर चालेल का?" हा प्रश्न आता तालुक्याच्या गावातील चिकित्सालयातही येतो. त्यावर आपल्यापैकी काहीजण "त्याने कर्करोग होतो" असे सांगून तिला घाबरवतात, तर काहीजण "करून टाका, केस कायमचे जातील" असे सांगून मोकळे होतात. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत.

लोमापहरण हा विषय आपल्या शास्त्राला नवा नाही. चरकाचार्यांनी आठ निंदित पुरुषांत अतिलोमा व अलोमा या दोघांचीही गणना केली असून केश व लोम हे अस्थिधातूचे मल मानले आहेत. सुश्रुताचार्यांनी व्रणाच्या साठ उपक्रमांत रोमसंजनन आणि लोमापहरण हे दोन्ही सांगितले आहेत. केसांमुळे व्रण भरून येत नसेल तर क्षुर, कर्तरी व संदंश यांनी केस काढावेत असे ते सांगतात, आणि शंखचूर्ण व हरताळ यांचा शुक्तात वाटलेला लेपही देतात. या लेपाकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

लेसरचे कार्य

या चिकित्सेचा पाया अँडरसन व पॅरिश यांनी 1983 मध्ये मांडलेल्या तत्त्वात आहे. विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश विशिष्ट रंगद्रव्यच शोषून घेते. प्रकाशाचा झोत पुरेसा अल्पकाळ असेल तर उष्णता त्या लक्ष्यापुरतीच राहते व आजूबाजूची त्वचा वाचते. केसांच्या बाबतीत हे लक्ष्य म्हणजे केसातील मेलॅनिन. त्याने शोषलेली उष्णता रोमकूपातील, केस पुन्हा उत्पन्न करणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचते व त्या निकामी होतात. यावरूनच दोन गोष्टी उघड होतात. पांढऱ्या केसांत मेलॅनिन नसल्याने त्यांवर लेसरचा उपयोग होत नाही. तसेच वाढीच्या अवस्थेत असलेल्या केसांवरच परिणाम चांगला होतो. सर्व केस एकाच वेळी त्या अवस्थेत नसल्यामुळे चेहऱ्यासाठी साधारण चार ते सहा व शरीरासाठी सहा ते आठ आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका घ्याव्या लागतात.

हा प्रकाश क्ष-किरणांसारखा पेशींतील जनुकद्रव्य फोडणारा नसतो. त्यामुळे कर्करोगाची भीती घालण्यास आधार नाही.

आपल्या त्वचेची अडचण

खरा प्रश्न त्वचेच्या वर्णाचा आहे. मेलॅनिन केसात असते तसे त्वचेतही असते. फिट्झपॅट्रिक यांच्या वर्गीकरणाप्रमाणे बहुसंख्य भारतीयांची त्वचा चौथ्या व पाचव्या प्रकारात मोडते. अशा त्वचेत वरचा थरच प्रकाश शोषून भाजण्याची शक्यता वाढते, आणि मग फोड, काळे वा पांढरे डाग उद्भवतात. रुबी लेसर (694 नॅनोमीटर) या कारणाने आपल्याकडे अयोग्य ठरतो. अलेक्झांड्राइट 755 व डायोड सुमारे 800 ते 810 नॅनोमीटरचा असतो, तर निओडिमियम याग 1064 नॅनोमीटरचा. तरंगलांबी जितकी अधिक तितके त्वचेतील मेलॅनिनचे शोषण कमी, म्हणून सावळ्या त्वचेस याग सर्वाधिक सुरक्षित मानतात. परंतु त्याच कारणाने केसातील मेलॅनिनही त्याचा प्रकाश कमी शोषते. आपल्या त्वचेला जो अधिक मानवतो, तो केसांवर तुलनेने सौम्य पडतो. आपल्या रुग्णांना बैठका जास्त का लागतात याचे हे एक उत्तर आहे. ब्यूटी पार्लरमध्ये 'लेसर' म्हणून पुष्कळदा वापरले जाणारे आयपीएल यंत्र वास्तविक लेसरच नव्हे. त्यात अनेक तरंगलांबींचा मिश्र प्रकाश असतो आणि अननुभवी हातात ते सावळ्या त्वचेस अधिक धोक्याचे ठरते.

परिणाम किती मिळतो ?

2006 च्या कॉक्रेन समीक्षेत अलेक्झांड्राइट व डायोड लेसरने चिकित्सेनंतर सहा महिन्यांपर्यंत सुमारे 50 टक्के केस कमी झाल्याचे आढळले. मात्र मूळ अभ्यासांचा दर्जा फारसा चांगला नव्हता, आणि आयपीएल, याग व रुबी यांविषयी पुरावा तुटपुंजा होता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा शब्दही काळजीपूर्वक निवडलेला आहे : केस 'कायमचे नाहीसे होणे' नव्हे, तर केसांच्या संख्येत 'टिकाऊ घट'. जाहिरातीत हा भेद पुसला जातो. आपण तो रुग्णेला सांगितला पाहिजे.

"मूळ कारण आत असताना लेसर व्यर्थ आहे" असेही आपल्यात म्हटले जाते. ते मला पूर्णपणे पटत नाही. पीसीओएसमुळे चेहऱ्यावर केस असलेल्या 88 स्त्रियांवर ब्रिटनमध्ये झालेला अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. योग्य मात्रेत लेसर मिळालेल्या गटात केस काढण्यात जाणारा वेळ आठवड्याला सरासरी 112 मिनिटांवरून 21 मिनिटांवर आला, आणि नैराश्य व चिंताही कमी झाली. बीजग्रंथींची विकृती तशीच होती. तरीही त्या स्त्रियांना सुख मिळाले, हे नाकारून चालणार नाही.

मलमाचा धोका : औषधालयांसाठी

लेसरपेक्षा लेसरपूर्वी लावलेल्या मलमाने अधिक भयंकर अनर्थ घडले आहेत. अमेरिकेत 22 व 25 वर्षांच्या दोन तरुणींनी लेसर लोमापहरणापूर्वी पायांना बधिरता आणणारे तीव्र मलम लावून वर प्लॅस्टिकचे आवरण गुंडाळले. दोघींनाही आकडी येऊन बेशुद्धावस्था आली व त्यात त्यांचा मृत्यू झाला. ही मलमे औषधालयात तयार करून दिलेली होती. फेब्रुवारी 2007 मध्ये तेथील प्रशासनाने याविषयी जाहीर इशारा दिला. मोठे क्षेत्र, तीव्र मात्रा व आवरण या तिन्हींमुळे लिडोकेनसारखे द्रव्य त्वचेतून रक्तात जाऊन मेंदू व हृदयावर परिणाम करते. "वरून लावायचे, त्याने काय होणार" या समजुतीने असे मलम काउंटरवरून देऊ नये.

आता हरताळाकडे वळू. हरताळ व चुना यांच्या मिश्रणाने केस गळतात हे रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही खरे आहे. पण हरताळ म्हणजे आर्सेनिकचे गंधकयुक्त संयुग. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची 'ई-1' मधील विषारी द्रव्यांत त्याचा समावेश आहे. व्रणाभोवतीच्या मर्यादित जागेसाठी सांगितलेला योग आज चेहऱ्यासाठी 'शास्त्रोक्त लोमनाशक' म्हणून विकणे हे आचार्यांच्या वचनाचाही विपर्यास ठरेल. नागरमोथ्याच्या तेलाविषयी मात्र ईजिप्तमधून 2014 मध्ये आशादायक निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काखेतील केसांवर त्याची अलेक्झांड्राइट लेसरशी तुलना केलेली होती. परंतु तो एक छोटा अभ्यास आहे, एवढ्यावर बाटलीवर दावा छापणे घाईचे होईल.

आपल्याकडील श्वित्राच्या रुग्णांना बाकुची चालू असते. तिच्यातील सोरॅलेन अतिनील किरणांनी सक्रिय होते, लेसरच्या प्रकाशाने नव्हे. मात्र उन्हाने काळवंडलेल्या वा दाह झालेल्या त्वचेवर लेसर घेतल्यास भाजण्याचा धोका वाढतो, म्हणून बाकुची चालू असल्याचे त्वचारोगतज्ज्ञांना कळवावे. बैठकीपूर्वी काही आठवडे थ्रेडिंग, वॅक्सिंग व उपटणे बंद ठेवावे, कारण केस मुळासकट गेला तर लक्ष्यच उरत नाही. दाढीप्रमाणे वरून केस काढण्यास हरकत नसते. भुवयांखाली, डोळ्याच्या खोबणीच्या आत लेसर करू नये. त्याने डोळ्याला इजा झाल्याची उदाहरणे आहेत.

एक अनुभव

24 वर्षांची एक रुग्णा लेसरच्या सहा बैठकांनंतर आमच्याकडे आली. गाल व मानेवरची बारीक लव लेसरने विरळ होण्याऐवजी दाट व काळी झाली होती. सावळ्या त्वचेत, विशेषतः चेहरा व मानेवर आणि संप्रेरकांच्या विकृतीत, हा विपरीत परिणाम दिसतो. लव असलेल्या जागी लेसर घेऊ नये असे म्हणतात ते यामुळेच. तिला आधी कोणी पाळीविषयी विचारले होते का, असे विचारता ती म्हणाली, "नाही." त्या न विचारणाऱ्यांत मीही होतो. लेसरपूर्वी चार महिने तिला उद्वर्तनासाठी लेप मीच दिला होता, आणि पाळी दोन-दोन महिने लांबते ही नोंद माझ्या केसपेपरवर नव्हती.

मग सोनोग्राफी व संप्रेरकांची तपासणी करविली, स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घेतले. आहार, व्यायाम व आर्तवदुष्टीची चिकित्सा सुरू केली. वजन उतरू लागले व पाळी नियमित होऊ लागली, तेव्हा केवळ हनुवटीवरच्या जाड केसांसाठी तिला अनुभवी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठविले. गाल व मानेस हात लावू नये असे चिठ्ठीत स्पष्ट लिहिले, आणि प्रथम कानामागे लहान जागेवर चाचणी घेऊन दोन आठवडे थांबावे अशी विनंतीही केली. तेव्हापासून अतिलोमतेच्या प्रत्येक रुग्णेच्या केसपेपरवर पहिली ओळ पाळीची असते, लेप त्यानंतर.