पक्षी का बुजला?

हरसूल हे नाशिक जिल्ह्यातील डोंगराळ भागातले गाव. तेथे रानात वावरणाऱ्या मुलाला पाखराजवळ काठी घेऊन जाऊ नये, हे सांगावे लागत नाही. पण एवढीशी गोष्ट न उमगल्यामुळे एका खेळात मोठमोठी चतुर माणसे अडून बसत.

तो खेळ संगणकावरचा. अमेरिकेतील विल क्राउथर यांनी १९७६ च्या सुमारास तो रचला व १९७७ मध्ये डॉन वुड्स यांनी वाढविला. क्राउथर यांना गुहा धुंडाळण्याचा छंद होता. म्हणून खेळातही गुहाच आहे. चित्र मात्र एकही नाही. संगणक वर्णन लिहून दाखवितो आणि खेळणाऱ्याने एकदोन इंग्रजी शब्दांत आज्ञा लिहावयाची.

गुहेत एक भयंकर सर्प वाट अडवून असतो. त्याआधी एक चिमुकला पक्षी भेटतो. पिंजरा घेऊन जवळ जावे, तो पक्षी बुजतो. पुनःपुन्हा प्रयत्न करावा, तरी व्यर्थ! कारण वाटेत उचललेली काळी काठी खेळणाऱ्यापाशीच असते. ती खाली ठेवली, की पक्षी हाती लागतो. मग त्याला सर्पापुढे सोडावे. तो इवलासा जीव त्या सर्पाला पळवून लावतो! काठीही वाया जात नाही. ती पुन्हा उचलून पुढे खोल भेगेपाशी हालविली, की स्फटिकाचा पूल उभा राहतो.

कोडे अडले, की माणूस नवे साधन शोधू लागतो. कधी कधी हातातले खाली ठेवणे, हेच त्याचे उत्तर असते.

प्रश्न : पक्षी का बुजत असे? काठीचा पुढे काय उपयोग झाला?