गवताचा गुणाकार : इंग्लंडच्या नियोजनात निसर्गाची किंमत कशी मांडतात?

इंग्लंडमध्ये राहत असाल तर घराजवळच्या खांबाला लावलेली काउन्सिलची नोटीस तुम्ही पाहिली असेल. शेजारच्या मोकळ्या जागेवर घरे बांधण्याचा अर्ज आला आहे, काही म्हणायचे असल्यास २१ दिवसांत कळवा, असा तिचा मजकूर असतो. काउन्सिलच्या संकेतस्थळावर अर्ज उघडला की नकाशे आणि अहवालांच्या ढिगात एक आकडा सापडतो : ‘या जागेचे मूल्य ४ युनिट’. हे युनिट म्हणजे काय? त्यातून काय कळते आणि काय निसटते?

कायदा काय सांगतो?

२०२१ च्या पर्यावरण कायद्याने इंग्लंडमध्ये ‘बायोडायव्हर्सिटी नेट गेन’ची अट आणली. १२ फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रकल्पांना आणि २ एप्रिल २०२४ पासून लहान प्रकल्पांना ती लागू झाली. बांधकामानंतर जैवविविधतेचे मूल्य आधीपेक्षा किमान १० टक्क्यांनी वाढले पाहिजे, ही ती अट. ही भर त्याच जागेवर घालता येते किंवा दुसरीकडे, आणि त्यासाठी तयार केलेले महत्त्वाचे अधिवास ३० वर्षे सांभाळावे लागतात. अटीला काही अपवाद आहेत. उदाहरणार्थ, स्वतःच्या घराला मागे खोली काढणाऱ्याला ती लागू नाही.

युनिट कसे काढतात?

चार आकड्यांचा गुणाकार करायचा :

क्षेत्रफळ × वैशिष्ट्य × स्थिती × स्थानमहत्त्व

• क्षेत्रफळ हेक्टरमध्ये.
• वैशिष्ट्य म्हणजे तो अधिवास किती दुर्मीळ आणि समृद्ध आहे. डांबराला ०, साध्या हिरवळीला २, आणि सर्वांत मोलाच्या अधिवासांना ८.
• स्थिती खराब असेल तर १, मध्यम असेल तर २, चांगली असेल तर ३.
• स्थानमहत्त्व १ ते १.१५. स्थानिक निसर्ग आराखड्यात ती जागा महत्त्वाची ठरवली असेल तर जास्त.

आता अर्धा हेक्टर, म्हणजे साधारण ५० गुंठे, जागा घ्या. तिथे रानफुलांचे मध्यम वैशिष्ट्याचे (४) गवत आहे, स्थिती मध्यम (२) आणि स्थानमहत्त्व १. गुणाकार : ०.५ × ४ × २ × १ = ४ युनिट. बिल्डरला किमान ४.४ युनिट दाखवावे लागतील.

पण सर्वेक्षकाने त्याच गवताची स्थिती ‘खराब’ अशी नोंदवली तर? ०.५ × ४ × १ × १ = २ युनिट. आता २.२ पुरेसे. गवत तेच, फुले तीच. एका शब्दाने देणे निम्म्यावर आले.

म्हणून सुरुवातीची नोंद हाच या हिशेबाचा पाया आहे. कायद्यानुसार अर्जासोबत जागेचे आत्ताचे मूल्य द्यावेच लागते, पण १० टक्के वाढ नेमकी कशी करणार याचा आराखडा परवानगी मिळाल्यानंतर, काम सुरू होण्याआधी मंजूर करून घेता येतो. त्यामुळे या पायाबद्दल प्रश्न विचारण्याची तुमची खरी संधी त्या २१ दिवसांतच असते.

पळवाटा बुजवण्याची सोयही कायद्यात आहे. मूल्य कमी दिसावे म्हणून ३० जानेवारी २०२० नंतर कोणी परवानगीशिवाय जागा साफ केली असेल, तर साफ करण्याआधीचे मूल्य धरले जाते. नव्याने लावलेल्या अधिवासाला, तो वाढायला लागणारा काळ आणि फसण्याची शक्यता धरून, कमी युनिट मिळतात. आणि प्राचीन जंगलासारखे अधिवास भरून न येणारे मानले जातात. त्यांचा व्यवहार युनिटमध्ये होत नाही.

आकडा काय सांगत नाही?

हा गुणाकार अधिवास मोजतो, माणसांचा त्या जागेशी असलेला संबंध मोजत नाही. आजोबांचा रोजचा फेरा, मुलांचे खेळणे, उन्हाळ्यातली सावली यांना त्यात रकाना नाही. युनिट वाढले म्हणजे हिरवी जागा वाढली, असेही नाही. ही पद्धत सक्तीची होण्याआधीच अवलंबणाऱ्या काउन्सिलांतील प्रकल्पांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शहरी नसलेल्या अधिवासांचे क्षेत्र ३४ टक्क्यांनी घटलेले दिसले. त्याची भरपाई पुढे कधीतरी तयार होणाऱ्या, आकाराने लहान पण दर्जेदार अधिवासांच्या आश्वासनांनी झाली होती. कागदावर बेरीज, जमिनीवर वजाबाकी, असे एकाच वेळी घडू शकते.

म्हणून हा आकडा टाकाऊ ठरत नाही. पूर्वी ‘ओसाड जागा’ म्हणून ज्याची किंमत शून्य धरली जाई, त्या गवताला आता निदान हिशेबात जागा मिळाली आहे. फक्त आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे ओळखून तो वाचायला हवा.

तुम्ही काय तपासाल?

१. सर्वेक्षण कोणत्या महिन्यात झाले? जानेवारीत रानफुले ओळखणे अवघड असते.
२. स्थिती ‘खराब’ असेल तर कोणते निकष पूर्ण झाले नाहीत, ते लिहिले आहे का?
३. भर इथेच घालणार की दूर कुठेतरी?
४. ३० वर्षे देखभाल कोण करणार?

अर्जावर मत नोंदवायला ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही. मात्र तुमचे मत सहसा नावासकट सर्वांना दिसते, हे लक्षात ठेवा. ‘झाडे वाचवा’ एवढेच लिहिण्यापेक्षा ‘मे महिन्यात इथे भरपूर रानफुले असतात, मग स्थिती खराब कशी?’ असे तारखेसह आणि छायाचित्रासह विचारा. अशा प्रश्नाला अधिकाऱ्याला उत्तर शोधावे लागते. आणि त्या गवतावरून रोज चालणाऱ्या तुमच्याकडे वर्षभराची निरीक्षणे असतात. एक-दोन दिवस येऊन गेलेल्या सर्वेक्षकाकडे ती नसतात.