नावांची साक्ष

(गावांची आणि शहरांची नावे कशी पडतात, ती कशी बदलतात आणि त्यांचा खरा अर्थ कसा शोधावा, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, ‘तुझे नाव कोणी ठेवले?’ असे कोणी विचारले, तर तुम्ही लगेच सांगाल, ‘दादांनी ठेवले,’ किंवा ‘नानीने ठेवले.’ पण ‘तुझ्या गावाचे नाव कोणी ठेवले?’ असे विचारले तर? आपण गावाचे नाव रोज घेतो. एस.टी.च्या पाटीवर ते वाचतो, पत्राच्या पत्त्यावर लिहितो. तरी ते कोठून आले, याचा विचार आपण सहसा करत नाही.

गावाचे नाव म्हणजे एक जुना साक्षीदार असतो. त्याने पुष्कळ पाहिलेले असते. मात्र त्याची साक्ष नीट ऐकावी लागते. घाईने ऐकली, तर आपण फसतो.

पुष्कळ ठिकाणांना जमिनीवरून किंवा झाडांवरून नावे मिळाली आहेत. आज मुंबई हे एक सलग मोठे शहर दिसते. पण पूर्वी तेथे सात बेटे होती. बेटांमध्ये खाड्या होत्या, दलदल होती. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत भराव घालून ही बेटे जोडण्यात आली. खाड्या बुजल्या, नावे मात्र राहिली. ‘पायधुणी’ या भागात आज दुकाने आणि गर्दी आहे. पण भरतीचे पाणी जेथे येई, तेथे पलीकडून येणारे लोक पाय धूत असत, म्हणून ती पायधुणी. वडाच्या झाडांवरून ‘वडाळा’ आणि चिंचेच्या झाडांवरून ‘चिंचपोकळी’ ही नावे पडली.

आता ‘उमरखाडी’ हे नाव पाहा. उर्दू शाळेतील मुलांना हे नाव ऐकताच ‘उमर’ नावाचा कोणी माणूस आठवेल. पण तेथे माणसाचा संबंध नाही. मूळ शब्द ‘उंबर’ आहे. उंबर म्हणजे उर्दूतील ‘गूलर’. ज्या खाडीच्या काठी उंबराची झाडे होती, ती उंबरखाडी. बोलता बोलता तिची उमरखाडी झाली. आज तेथे खाडीही नाही आणि उंबराची राईही नाही. नाव मात्र दोघांची आठवण सांगते.

अशी नावे जगात सर्वत्र आढळतात. अमेरिकेतील शिकागो हे शहर उंच इमारतींसाठी प्रसिद्ध आहे. पण तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेत ‘शिकाक्वा’ ही एक रानटी कांद्या-लसणासारखी वनस्पती होती. ती नदीकाठी उगवत असे. तिच्यावरून शिकागो हे नाव आले. त्याच देशात महाविद्यालयांच्या खेळाडूंच्या संघांनाही टोपणनावे असतात. ओहायो राज्याच्या विद्यापीठाचा संघ ‘बकआय’ या झाडाच्या नावाने ओळखला जातो. बकआय म्हणजे हरणाचा डोळा. या झाडाचे तपकिरी बी हरणाच्या डोळ्यासारखे दिसते, म्हणून झाडाला ते नाव पडले आणि झाडावरून संघालाही पडले.

काही नावे माणसांच्या कामावरून पडतात. पुण्याच्या कसबा पेठेत ‘तांबट आळी’ आहे. तांब्याची भांडी घडवणारे ते तांबट. मुंबईत ‘लोहार चाळ’ आहे. आज तेथे विजेच्या सामानाची दुकाने आहेत. पण नाव सांगते की, कधीकाळी येथे लोहाराचा हातोडा चालत असे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संघाचे टोपणनाव ‘बॉयलर बनवणारे’ असे आहे. तेथे यंत्रविद्येचे शिक्षण दिले जाई. १८९१ साली या संघाने शेजारच्या वाबाश महाविद्यालयाचा मोठा पराभव केला. तेव्हा त्या गावच्या वर्तमानपत्राने चिडून त्यांना ‘बॉयलर बनवणारे दांडगे’ असे म्हटले. विद्यार्थ्यांना त्या नावाची लाज वाटली नाही. हाताने काम करण्यात कसली लाज? त्यांनी ते नाव अभिमानाने स्वीकारले आणि आजही तेच चालते.

काही नावे थोर माणसांच्या आदराने ठेवलेली असतात. तापी नदीच्या काठचे बुऱ्हाणपूर हे शहर फारुकी घराण्यातील नासिर खान याने वसवले. सूफी संत हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्यावरून त्याने शहराला नाव दिले. समोरच्या काठावरील ‘जैनाबाद’ हे नाव संत जैनुद्दीन शिराझी यांच्यावरून आले. या दोन्ही संतांच्या दर्गा खुलदाबाद येथे आहेत. ‘खुल्द’ म्हणजे जन्नत, स्वर्ग. या गावाला पूर्वी ‘रौजा’ म्हणत. औरंगजेब बादशहाचे १७०७ साली निधन झाले आणि त्याला तेथे दफन करण्यात आले. मृत्यूनंतर त्याला ‘खुल्द-मकान’ म्हणजे ‘स्वर्गात राहणारा’ असे म्हणू लागले. त्यावरून गावाचे नाव खुलदाबाद झाले.

या नावांत एक गंमत लपलेली आहे. ‘बुऱ्हान’ हा अरबी शब्द आणि ‘पूर’ हा संस्कृत शब्द. दोन भाषा एका नावात शेजारी-शेजारी नांदतात. सिंध प्रांतातील ‘जेकबाबाद’ हे शहर जॉन जेकब या इंग्रज सेनाधिकाऱ्याने १८४७ साली वसवले. त्यात ‘जेकब’ हे इंग्रजाचे नाव आणि ‘आबाद’ हा फारसी शब्द एकत्र आले आहेत. नाव ठेवणाऱ्यांनी भाषांच्या सीमा पाहिल्या नाहीत. लोकांच्या तोंडी जे रुळले होते, ते त्यांनी घेतले.

आता फसवणाऱ्या नावांकडे वळू या. नावाचा आवाज ऐकून आपण लगेच अर्थ सांगू लागतो. ‘सोलापूर’ म्हणजे सोळा गावांचे मिळून झालेले शहर, असे पुष्कळ लोक सांगतात. उर्दूतील ‘सोलह’ आणि मराठीतील ‘सोळा’ हे शब्द ऐकायला जवळचे, म्हणून ही गोष्ट पटते. पण दगडांवर कोरलेले जुने लेख वेगळेच सांगतात. कल्याणीच्या कलचुरी राजांच्या काळातील लेखांत या गावाचे नाव ‘सोन्नलगे’ असे आहे. मोहोळ तालुक्यातील कामती येथे शके १२३८ चा, म्हणजे इ. स. १३१६ चा, एक लेख आहे. त्यात ‘सोनलीपूर’ असे नाव आहे. सोलापूरच्या किल्ल्यातील एका लेखात ‘सोनलपूर’ असे नाव आढळते. त्यातील ‘न’ बोलण्यात गळून गेला आणि ‘सोलापूर’ झाले. सोळा या आकड्याचा येथे संबंध नाही.

मुंबईची गोष्टही अशीच आहे. पोर्तुगीज लोकांनी या बंदराला ‘बॉम बाईया’ म्हणजे ‘चांगला उपसागर’ म्हटले आणि त्यावरून ‘बॉम्बे’ झाले, असे अनेक जण सांगतात. येथे आपले व्याकरण उपयोगी पडते. मराठीत आपण ‘चांगला नदी’ म्हणत नाही, ‘चांगली नदी’ म्हणतो. उर्दूतही ‘अच्छी नदी’ म्हणतो. पोर्तुगीज भाषेतही असाच नियम आहे. त्या भाषेत ‘बाईया’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे आणि ‘बॉम’ हे पुल्लिंगी रूप आहे. कोणी पोर्तुगीज माणूस बोलला असता, तर ‘बोआ बाईया’ असे म्हणाला असता. म्हणजे ही गोष्ट व्याकरणात बसत नाही. मुंबई हे नाव मुंबादेवीवरून आले आहे. परदेशी लोकांनी आपल्या उच्चाराप्रमाणे त्याची वेगळी रूपे केली. १९९५ पासून सरकारी कामकाजातही ‘मुंबई’ हेच नाव आहे.

‘भेंडी बाजार’ या नावाबद्दलही एक मजेदार गोष्ट सांगतात. साहेब लोक या भागाला ‘बिहाइंड द बझार’, म्हणजे बाजाराच्या मागे, म्हणत आणि त्याचे भेंडी बाजार झाले! पण सॅम्युएल शेपर्ड यांनी मुंबईतील ठिकाणांच्या आणि रस्त्यांच्या नावांवर १९१७ साली एक पुस्तक लिहिले. त्यांनी हे नाव भेंडीच्या झाडांवरून आल्याचे सांगितले आहे. ही भेंडी म्हणजे भाजीची नव्हे. ते एक सावली देणारे मोठे झाड असते. जवळच उंबराची उमरखाडी आहे, चिंचेचे चिंचबंदर आहे. मग भेंडीच्या झाडांचा बाजार असण्यात नवल कसले? आपल्या झाडांची नावे ठेवायला लोकांना साहेबांची भाषा कशाला हवी होती?

एकसारखी दिसणारी नावेही एकाच अर्थाची असतातच असे नाही. ‘सिंगापूर’ मधील पूर म्हणजे आपलेच पूर, नगर. सिंहपूर या संस्कृत शब्दावरून ते आले. पण इराणमधील ‘नीशापूर’ घ्या. उमर खय्याम आणि फरीदुद्दीन अत्तार यांचे हे गाव. येथे ‘पूर’ म्हणजे नगर नव्हे. जुन्या फारसीत ‘पूर’ म्हणजे मुलगा. ‘शापूर’ म्हणजे शाहाचा मुलगा. शापूर नावाच्या राजावरून त्या शहराचे नाव पडले. अक्षरे तीच, पण भाषा वेगळी आणि अर्थही वेगळा.

म्हणून एखाद्या नावाचा अर्थ कोणी सांगितला, तर तीन प्रश्न विचारावेत. सर्वांत जुन्या लेखात हे नाव कसे लिहिले आहे? सांगितलेला अर्थ त्या भाषेच्या व्याकरणात बसतो का? तेथील जमीन, झाडे आणि इतिहास त्या अर्थाशी जुळतात का? तिन्ही उत्तरे ‘होय’ अशी आली, तर अर्थावर विश्वास ठेवावा. नाही तर ती गोष्ट ऐकावी, हसावे आणि पुढे शोध चालू ठेवावा.

नावे बदलतातही. मलिक अंबर याने १६१० साली खडकी या गावाच्या जागी शहर वसवले. त्याचा मुलगा फतेह खान याने त्याला ‘फतेहनगर’ म्हटले. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना ते ‘औरंगाबाद’ झाले. २०२३ साली शासनाने ‘छत्रपती संभाजीनगर’ हे नाव दिले. अहमद निजामशहाने वसवलेल्या अहमदनगरचे नाव २०२४ मध्ये ‘अहिल्यानगर’ झाले. कधी एखाद्या नावामुळे कोणाचे मन दुखावते, म्हणूनही ते बदलतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचा संघ ‘इंडियन्स’ या नावाने ओळखला जाई. तेथील मूळ रहिवासी विद्यार्थ्यांनी त्याला हरकत घेतली आणि १९७२ साली ते नाव सोडून देण्यात आले.

नाव बदलले, तरी जुने कागद बदलत नाहीत. आजोबांचा शाळेचा दाखला, जमिनीचे खरेदीखत, जुनी पत्रे, मशिदीवरील किंवा बारवेवरील कोरीव लेख, या सर्वांत त्या-त्या काळचे नाव असते. ज्याला फक्त आजचे नाव माहीत आहे, त्याला हे कागद वाचता येतील, पण त्यांतील गाव ओळखता येणार नाही. आपल्याच आजोबांचे गाव त्याला परके वाटेल. म्हणून नवे नाव लिहावे आणि जुनेही लक्षात ठेवावे. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर ही सर्व नावे ज्याला ठाऊक आहेत, त्यालाच त्या शहराची चारशे वर्षांची गोष्ट सांगता येईल.

मुलांनो, तुमच्या मोहल्ल्यातही अशी नावे असतील. एखादी गल्ली, विहीर, पूल किंवा पेठ असेल. तिच्या नावाचा अर्थ सांगणारी वडीलधारी माणसे आज तुमच्याजवळ आहेत. त्यांच्याजवळ बसा, अदबीने विचारा आणि वहीत लिहून ठेवा. नंतर त्या उत्तराला आपले तीन प्रश्न लावून पाहा. उंबर गेला, खाडी गेली, तरी नाव राहिले. पण नावाचा अर्थ सांगणारे कोणी उरले नाही, तर नावही मुके होते.

शब्दार्थ

साक्ष – गवाही
भराव – खोल जागा भरण्यासाठी टाकलेली माती व दगड
भरती – समुद्राचे पाणी चढणे
टोपणनाव – लोकांनी दिलेले दुसरे नाव
आळी – गल्ली, मोहल्ला
बारव – पायऱ्यांची विहीर, बावडी
नांदणे – मिळून-मिसळून राहणे
मुका – बोलू न शकणारा, गूंगा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘उमरखाडी’ या नावातील मूळ शब्द कोणता?
(आ) बुऱ्हाणपूर हे शहर कोणी वसवले?
(इ) ‘शापूर’ या शब्दाचा अर्थ काय?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सोलापूरच्या नावाचा सोळा गावांशी संबंध नाही, हे कशावरून कळते?
(आ) ‘बॉम बाईया’ ही गोष्ट व्याकरणात का बसत नाही?
(इ) गावाचे जुने नाव लक्षात ठेवणे का आवश्यक आहे?

३. कंसातील विशेषणाचे योग्य रूप लिहा.
(अ) ______ खाडी (मोठा)
(आ) ______ झाड (उंच)
(इ) ______ किल्ला (जुना)

४. उपक्रम : आपल्या मोहल्ल्यातील पाच ठिकाणांची नावे लिहा. घरातील वडीलधाऱ्यांना त्यांचे अर्थ विचारा आणि वर्गात वाचून दाखवा.