शिखरांची यादी आणि थंडीतले शरीर

स्कॉटलंडमध्ये ३,००० फुटांहून उंच अशी २८२ शिखरे आहेत. त्यांना ‘मनरो’ म्हणतात. सर ह्यू मनरो यांनी १८९१ साली अशा शिखरांची यादी छापली आणि ती पुरी करण्याचा नाद लोकांना लागला. सर्वांत उंच बेन नेविस १,३४५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा ठेंगणा. पण डिसेंबरात तिथे बर्फ, वारा आणि जेमतेम सात तासांचा उजेड!

आमच्या चालण्याच्या गटात पंचाहत्तरीचे एक गृहस्थ आहेत. त्यांची अकरा शिखरे राहिली आहेत आणि ती याच हिवाळ्यात उरकायची आहेत. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. मी निवृत्त परिचारिका, म्हणून मला विचारतात, “वय झालं म्हणून घरी बसू का?”

मुळीच नाही. निक गार्डनर यांनी ८०व्या वर्षी, २०२० साली, ही यादी हाती घेतली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुरी केली. पत्नीला स्मृतिभ्रंश व हाडे ठिसूळ होण्याचा आजार होता. त्या दुःखातून हे गृहस्थ डोंगराकडे वळले. सगळी शिखरे एकाच हिवाळ्यात करणारे पहिले मार्टिन मोरन (१९८४-८५) मात्र तरुण आणि कसलेले गिर्यारोहक होते, आणि त्यांची पत्नी गाडी घेऊन पायथ्याशी सोबत असे. ही दुसरी गोष्ट आपण कौतुकाने वाचावी, एवढेच.

कारण थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. त्यातच चढ! उतारवयात थंडी उशिरा जाणवते, तहानही कमी लागते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याच्या अंगातले पाणी लवकर कमी होते. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याचे हातपाय गार पडतात आणि नाडी हवी तेवढी वाढत नाही. म्हणून निघण्याआधी डॉक्टरांना नुसते “फिरायला जातो” म्हणू नका. किती चढ, किती तास, ते सांगा.

शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेले की धोका. माणूस अडखळतो, बोबडे बोलतो, बोटांनी चेन लावता येत नाही, आणि “मी ठीक आहे” असा हट्ट धरतो. त्याचे ऐकू नये. आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावे, डोके झाकावे, शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्यावा. हातपाय चोळू नयेत. ब्रँडी तर नकोच. तिने ऊब आल्यासारखी वाटते आणि अंगातली उष्णता उलट बाहेर जाते.

यादीचा खरा त्रास असा की, शिखर दोनशे फुटांवर दिसत असताना माघारी फिरवत नाही. म्हणून परतीची वेळ घरीच ठरवावी आणि ती घरच्यांना सांगून ठेवावी. गुडघ्यांचा कस उतरताना लागतो, तोही अंधारात. आमच्या गृहस्थांना मी मे महिना सुचवला आहे. तेव्हा तिथे सतरा तास उजेड असतो. तोवर जिने आणि सपाट वाटा आहेतच.

अडचण आलीच तर ९९९ फिरवून आधी पोलीस आणि मग ‘माउंटन रेस्क्यू’ मागावे. फोन लागत नसेल तर मिनिटभरात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा.