परिचारिकेचें पहिलें वर्ष

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें 13:13; 15:36-39. 2 तीमथ्य 4:11.

आपल्या मंडळ्यांतून पुष्कळ मुली रुग्णसेवेचें शिक्षण घेण्यास जातात. प्रमाणपत्र मिळालें व परिचर्या परिषदेंत नांव दाखल झालें, म्हणजे आपलें काम संपलें असें आपणांस वाटतें. परंतु खरी कसोटी तेथूनच सुरू होते.

शिकत असतां पाठीशीं शिक्षिका असते. नोकरी लागतांच रात्रपाळीस अनेक रोगी तिच्या हवालीं होतात. पुस्तकांतील रीत व वॉर्डांतील घाई यांचा मेळ बसत नाहीं. अमेरिकेंतील मार्लीन क्रेमर यांनीं 1974 सालच्या आपल्या ग्रंथांत या स्थितीस 'वास्तवाचा धक्का' असें म्हटलें. पॅट्रिशिया बेनर यांनीं 1984 सालीं दाखविलें कीं, नवशिकी परिचारिका नियम धरून चालते. रोग्यास पाहतांच काय करावें हें ओळखण्याची दृष्टि अनुभवानेंच येते. यास्तव तिचा मंदपणा हा आळस नव्हे.

आतां मार्काकडे पाहा. तो पंफुल्यांतील पिर्गा येथून परत फिरला. पुढें पौलानें त्यास बरोबर घेण्याचें नाकारिलें. पण बर्णबानें त्यास सोबत घेऊन कुप्राची वाट धरली. शेवटीं बंदिवान पौलानेंच, सेवेस उपयोगी म्हणून, त्याला बोलाविलें. मधल्या काळीं कोणीतरी त्याचा हात धरिला होता, हें विसरूं नये.

बोध :

1. वडील परिचारिकांनीं पहिले कांहीं महिने नवीन मुलीच्या जवळ असावें. तिच्या प्रश्नास हंसूं नये. भीतीनें लपविलेली चूक रोग्याच्या जिवावर बेतते.

2. आईबापांनीं केवळ तिच्या पगाराकडे डोळे लावूं नयेत. रात्रपाळी करून आलेल्या मुलीस दिवसा झोंपूं द्यावें.

3. रविवारीं पाळी असल्यामुळें ती उपासनेस न आल्यास, "विश्वासांत थंड झाली" असें म्हणूं नये. पाळकानें व शिक्षकानें तिची विचारपूस करावी.

4. "मी परत येतें" असें ती म्हणाली, तर दोष देण्यापूर्वीं कारण ऐकावें. ती थकली असल्यास धीर द्यावा. तिचा छळ होत असल्यास दुसरें इस्पितळ शोधण्यास साह्य करावें. परत फिरणें म्हणजे पाचारण संपणें नव्हे.

प्रश्न : (1) बर्णबानें मार्कासाठीं काय केलें? (2) आपल्या मंडळींतील कोणती मुलगी यंदा नोकरीस लागली? (3) या आठवड्यांत तिला पत्र किंवा फोन कोण करील?