एका पानावर दोन मते : कृषी विज्ञान केंद्रातील मतभेदांचे व्यवस्थापन

कृषी विज्ञान केंद्राच्या आकृतिबंधात एकूण १६ पदे असतात. त्यांपैकी एक प्रमुखाचे, तर सहा विषय विशेषज्ञांची. इतक्या लहान कार्यालयात दोन सहकाऱ्यांमधील बेबनाव भिंतीआड राहत नाही. तो शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचतो.

कपाशीवरील लाल्याचे उदाहरण घ्यावे. पाने लाल पडू लागली की मृदा विशेषज्ञांना नत्र व मॅग्नेशियमची कमतरता दिसते, पीक संरक्षण विशेषज्ञांना तुडतुडे दिसतात. एकजण युरिया द्यावयास सांगतो. दुसरा, जादा नत्राने पाने लुसलुशीत होऊन तुडतुडे वाढतील, म्हणून तो थांबवतो. दोघांचेही म्हणणे शास्त्राला धरून असते. शेतकऱ्याच्या हाती मात्र एकाच केंद्राचे दोन परस्परविरोधी सल्ले पडतात आणि अखेरीस तो निविष्ठा विक्रेत्याचा तिसरा सल्ला मानून फवारणी उरकतो.

अमेरिकी विचारवंत मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२५ मध्ये संघर्ष हाताळण्याचे तीन मार्ग मांडले : वर्चस्व, तडजोड आणि समन्वय. ज्येष्ठाचे मत अंतिम मानणे हे वर्चस्व. ‘निम्माच युरिया द्या’ ही तडजोड. ती न्याय्य वाटते, पण पान लाल का झाले हा प्रश्न तसाच राहतो. समन्वयासाठी प्रत्येकाची मागणी बाजूला ठेवून तिच्यामागील कारण तपासावे लागते. येथे ते तपासण्याची जागा बैठकीची खोली नव्हे, शेत आहे. दोघांनी एकत्र जाऊन पान उलटून पाहावे. पानाच्या कडा पिवळ्या पडून खाली वळल्या असतील व मागील बाजूस तिरकी चालणारी पिल्ले आढळली, तर तुडतुडे. जुन्या, खालच्या पानांवर शिरा हिरव्या राहून मधला भाग लाल झाला असेल, तर मॅग्नेशियमची कमतरता. पुष्कळदा दोन्ही लक्षणे एकाच झाडावर सापडतात, आणि तेव्हा वादाला फारसे कारण उरत नाही.

वाहनावरून होणारे वाद त्यामानाने सोपे. आठवड्याचा दौरा सोमवारीच फलकावर लिहिला की बहुतेक मिटतात.

अवघड असतो तो श्रेयाचा प्रश्न. शास्त्रीय वाटणाऱ्या अनेक मतभेदांच्या मुळाशी प्रात्यक्षिकाच्या अहवालात किंवा यशोगाथेत कोणाचे नाव आधी, हीच सल असते. ती उघडपणे कोणी बोलत नाही. म्हणून नावांचा क्रम व कामाची वाटणी प्रात्यक्षिक सुरू होण्यापूर्वीच लेखी ठरवावी. वाद उद्भवलाच, तर प्रमुखांनी त्या दोघांनाच समोरासमोर बसवावे. मासिक बैठकीत अथवा व्हॉट्सॲप गटावर केलेली कानउघाडणी माघारीची वाटच बंद करते, कारण सर्वांदेखत कोणीही आपले मत सोडत नाही.

शेतकऱ्याला जाणारी सल्लापत्रिका दोघांच्या स्वाक्षरीची असावी. एकमत झालेच नाही, तर तुडतुड्यांची मोजणी करून कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीवर असल्यास तिचा बंदोबस्त त्वरित सुचवावा, पानांचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा आणि अहवाल येईपर्यंत खताबाबत कोणीही स्वतंत्र सल्ला देऊ नये.